इन्स्टॉल केलंत, पण अपग्रेड कोण करणार?

कॉलेजचा फेस्ट जवळ आला की वेबसाइट हवीच. कमिटीतला कुणीतरी कॉम्प्युटरवाला स्वस्तातला क्लाउड सर्व्हर भाड्याने घेतो, त्यावर उबुंटू टाकतो आणि एका रात्रीत साइट उभी करतो. फेस्ट संपतो, बॅनर उतरतात, कमिटी बदलते. सर्व्हर मात्र चालूच राहतो. रजिस्ट्रेशनच्या वेळी भरलेली नावं, मोबाइल नंबर सगळं त्याच्यावर, आणि बघायला कुणी नाही. खरी कटकट इथून सुरू होते.

ब्राउझरने मागितलेलं पान शोधून पाठवणारं सॉफ्टवेअर म्हणजे वेब सर्व्हर. अपाची १९९५ मध्ये आलं, एन्जिनएक्स २००४ मध्ये. लिनक्सवर दोन्ही फुकट मिळतात. सोर्स कोड उतरवून, लागणाऱ्या लायब्ररी एकेक गोळा करून ते स्वतः कंपाइल करता येतं. पण मग पुढची प्रत्येक दुरुस्तीही आपणच शोधायची. म्हणून पॅकेज वापरायचं. प्रोग्राम, त्याच्या सेटिंगच्या फाइल्स आणि त्याला आणखी काय काय लागतं याची यादी, असं सगळं त्यात बांधून दिलेलं असतं.

डेबियन किंवा उबुंटूवर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल एन्जिनएक्स’ एवढी कमांड पुरते (टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायची). सर्व्हर लगेच सुरूही होतो. फेडोरावर ‘ॲप्ट’ऐवजी ‘डीएनएफ’ असतं, अपाचीचं पॅकेज ‘एचटीटीपीडी’ या नावाने मिळतं आणि सर्व्हिस आपल्याला सुरू करावी लागते. पॅकेजच्या यादीवर डिजिटल सही असते. वाटेत कुणी माल बदलला, तर तो पकडला जातो.

अपडेट वेगळं, अपग्रेड वेगळं

नव्याने शिकणारे इथे हमखास गोंधळतात. ‘ॲप्ट अपडेट’ने सर्व्हरवर काहीच बदलत नाही. ती कमांड फक्त दुकानातल्या मालाची ताजी यादी आणते. माल घरी येतो तो ‘ॲप्ट अपग्रेड’ने. नुसतं अपडेट करून ‘झालं काम’ म्हणणाऱ्याचा सर्व्हर जुनाच राहतो.

राहिला जुना तर काय बिघडतं? अपाचीचंच उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२१ मध्ये २.४.४९ हे व्हर्जन आलं. त्यात चूक अशी होती, की वेब ॲड्रेसमध्ये ठरावीक चिन्हं घुसवली, की साइटच्या फोल्डरबाहेरच्या फाइल्स वाचता येत. काही सेटिंग असतील तर बाहेरचा माणूस सर्व्हरवर आपल्या कमांडही चालवू शके. ४ ऑक्टोबरला २.४.५० आलं, पण दुरुस्ती अर्धवट निघाली. ७ ऑक्टोबरला २.४.५१ आलं. तीन दिवसांत दोनदा अपग्रेड! तोवर हल्ले सुरू झालेलेच होते.

यात एक गंमत आहे. २.४.४९च्या आधीच्या व्हर्जनमध्ये ही चूक नव्हतीच. म्हणजे सगळ्यात नवं ते सगळ्यात सुरक्षित, असंही नाही. म्हणूनच डेबियनची स्टेबल आवृत्ती किंवा उबुंटूची एलटीएस प्रत्येक नव्या व्हर्जनमागे धावत नाही. सहसा त्या जुन्याच व्हर्जनमध्ये सुरक्षेची तेवढी दुरुस्ती आणून बसवतात. मुख्य नंबर तोच दिसतो, शेवटची शेपटी तेवढी बदलते. तेव्हा नंबर जुना दिसला म्हणून घाबरून कुठली तरी अनोळखी रिपॉझिटरी जोडू नका. आधी ‘ॲप्ट चेंजलॉग’मध्ये काय दुरुस्त झालंय ते वाचा.

भीती वाटते ती इथे

अपग्रेड करताना मध्येच प्रश्न येतो: कॉन्फिगरेशन फाइल तुमची ठेवू की पॅकेजमधली नवी घेऊ? आपण बदललेली फाइल पॅकेज बनवणाऱ्यांनीही बदलली, की असं विचारलं जातं. घाईत ‘वाय’ दाबलं तर आपलं सेटिंग बाजूला पडतं आणि साइट बंद पडू शकते. काहीच न निवडता एंटर दाबलं तर आपली फाइल राहते. त्याहून बरं म्हणजे ‘डी’ दाबून दोन्हींतला फरक बघायचा आणि मग ठरवायचं.

अपग्रेडच्या आधी दोन मिनिटं काढून ‘ईटीसी’मधल्या त्या सर्व्हरच्या फोल्डरची कॉपी करून ठेवा. सेटिंगमध्ये हात घातला असेल तर ‘एन्जिनएक्स -टी’ चालवा. चूक असेल तर ती ओळ दाखवून देते. मग सर्व्हिस रीलोड करा आणि साइट स्वतः उघडून बघा.

रोज कोण बसणार, असं वाटत असेल तर ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ हे पॅकेज सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसवतं. उबुंटू सर्व्हरवर ते सहसा आधीच असतं. पण बाहेरून जोडलेल्या रिपॉझिटरीकडे ते आपणहून बघत नाही. शिवाय उबुंटू एलटीएसचा नेहमीचा सपोर्ट पाच वर्षांचा. तो संपला की नेहमीच्या दुरुस्त्या थांबतात, आणि मग पूर्ण सिस्टिमच पुढच्या आवृत्तीवर नेलेली बरी.

म्हणून यंदा कमिटी बदलताना हिशेबाच्या वहीसोबत सर्व्हरही कुणाच्या तरी नावावर करा. लॉगिन कुणाकडे, अपग्रेड कोण करणार, कोणत्या वारी करणार, हे कागदावर लिहून द्या. आणि साइट पुन्हा लागणारच नसेल तर लागणारा डेटा उतरवून घ्या, बाकीचा पुसा आणि सर्व्हर सरळ बंद करा. दुसऱ्यांचे मोबाइल नंबर बेवारस मशीनवर ठेवायचा आपल्याला काही हक्क नाही.