पापडी फुलते कशी?

मे महिन्याची सुट्टी लागली की गच्चीवर आणि अंगणात वाळवणे दिसू लागतात. कुरडया, पापड, सांडगे, साबुदाण्याच्या पापड्या! घरातील मोठी माणसे घालण्याचे काम करतात आणि कावळे हाकलण्याचे काम मुलांकडे येते. या सुट्टीत राखण करता करता एक छोटासा प्रयोगही करून पाहा. लागेल एक वजनकाटा, एक वही आणि थोडी चिकाटी.

कृती

१०० ग्रॅम साबुदाणा ६०० मिलिलिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी त्याच पाण्यासह जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर शिजवा. चवीपुरते मीठ आणि थोडे जिरे घाला. पांढरे दाणे काचेसारखे पारदर्शक दिसू लागले की पातेले उतरवा. हे काम मोठ्यांनीच करावे, कारण गरम खळ अंगावर उडाली तर चिकटते आणि भाजते. मग प्लॅस्टिकच्या स्वच्छ कागदावर पळीने पापड्या घाला. एक पापडी वेगळ्या ताटलीत घालून उन्हात ठेवा आणि तिच्यावर काचेचा वाडगा पालथा घाला.

पापड्या घालण्यापूर्वी सगळ्या खळीचे वजन करा. ते सुमारे ६०० ग्रॅम भरेल, कारण शिजताना थोडे पाणी वाफ होऊन गेलेले असते. पापड्या कडकडीत वाळल्यावर पुन्हा वजन करा. आता काटा जवळपास १०० ग्रॅम दाखवील!

म्हणजे साबुदाण्यात आपण पाणी घातले आणि उन्हाने ते सगळे काढून घेतले. मग एवढा खटाटोप कशासाठी?

दाण्यातील बदल

आपल्याकडील साबुदाणा टॅपिओका नावाच्या झुडपाच्या कंदापासून करतात. तमिळनाडूतील सेलम हे या धंद्याचे मोठे केंद्र आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. स्टार्चचे सूक्ष्म कण थंड पाण्यात फारसे बदलत नाहीत, पण तापमान ६०-७० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की ते पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात. त्यांतील लांबलचक रेणू बाहेर येऊन एकमेकांत गुंततात. हीच ती चिकट, पारदर्शक खळ. वाळल्यावर वजन पहिल्याइतके होते, पण सुट्या दाण्यांच्या जागी आता एकसंध, पातळ पापडी असते.

उन्हाची कामगिरी

एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला उन्हाळी तापमानाला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. यालाच बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा म्हणतात. ५०० ग्रॅम पाण्यासाठी सुमारे २,९०,००० कॅलरी झाल्या. एवढ्या उष्णतेत २५ अंशांचे जवळजवळ ४ लिटर पाणी उकळीला येईल. ऊन आणि वारा मिळून ही उष्णता आपल्याला फुकट पुरवतात!

पण नुसती उष्णता पुरत नाही. पालथ्या वाडग्याखालची पापडी पाहा. ऊन तिलाही मिळते, तरी ती ओलीच राहते आणि काचेला आतून पाण्याचे थेंब लागतात. कोंडलेली हवा बाष्पाने भरून गेली की तिच्यात आणखी बाष्प मावत नाही. म्हणून वाळवणाला कोरडी, वाहती हवा हवी. दमट हवेच्या कोकणात वाळवणाला देशावरच्यापेक्षा जास्त वेळ का लागतो, हे आता सांगता येईल.

तेलातील गंमत

दुसऱ्या दिवशीची अर्धवट वाळलेली एक पापडी आणि पूर्ण वाळलेली एक पापडी मोठ्यांकडून तळून घ्या. ओलसर पापडीचे तेल उडते, म्हणून दूर उभे राहा. ओलसर पापडी धड फुलत नाही, चिवट राहते. वाळलेली मात्र क्षणात फुलते.

कडकडीत वाळलेल्या पापडीतही दहा टक्क्यांच्या आसपास पाणी उरलेले असते. ५ ग्रॅमच्या पापडीत ते अर्धा ग्रॅम झाले. तापलेल्या तेलात स्टार्च मऊ पडतो आणि त्याच क्षणी आतील पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की आकारमान सुमारे १,७०० पट वाढते. अर्ध्या ग्रॅमची ८०० घन सेंटिमीटरहून अधिक वाफ! तिच्या रेट्याने मऊ स्टार्चमध्ये असंख्य बुडबुडे होतात. पाणी निघून जाताच त्यांच्या भिंती कडक होतात आणि पापडी फुललेलीच राहते. ओलसर पापडीच्या भिंती फार मऊ असतात. त्या वाफ धरून ठेवू शकत नाहीत. उलट, पाणी अगदीच उरले नाही तर फुलवायला वाफच मिळणार नाही.

डबा भरण्यापूर्वी

वाळवण वर्षभर टिकते तेही पाणी कमी असल्यामुळेच. पुरेशा पाण्यावाचून बुरशी वाढत नाही. पण चार ओलसर पापड्या डब्यात गेल्या, तर त्यांचा ओलावा इतरांना लागतो आणि पावसाळ्यात सगळ्यांची मेहनत वाया जाते. बुरशीचे काही प्रकार विषारी द्रव्ये तयार करतात. म्हणून बुरशी आलेली पापडी पुसून किंवा तळून खाऊ नये, टाकून द्यावी.

डबा कधी भरायचा, हे आजी पापडी मोडून ‘कट्’ असा आवाज ऐकून ठरवते. तुम्ही रोज संध्याकाळी एकाच पापडीचे वजन करून आलेख काढा. लागोपाठ दोन दिवस वजन घटले नाही, की पापडी वाळली. आलेखाचा निर्णय आणि आजीचा निर्णय एकाच दिवशी येतो का? शाळा उघडल्यावर वर्गातील सर्वांचे आलेख शेजारी शेजारी लावून गुरुजींबरोबर चर्चा करा.