या वयात भूल नको?

दात हलतायत, तोंडाला वास येतोय, वाटीपाशी जाऊन कुत्रा परत फिरतोय. पण तो बारा-तेरा वर्षांचा झालाय, म्हणून घरचे म्हणतात, "आता या वयात भूल नको." डॉक्टरही कधी कधी मान डोलावतात, गोळ्या लिहून देतात. काही महिन्यांनी तोच कुत्रा त्याच टेबलावर येतो तेव्हा जबडा सुजलेला असतो आणि वजन उतरलेलं असतं. भूल टळलेली नसते, फक्त लांबलेली असते. मधल्या काळात ती जास्त धोक्याची मात्र झालेली असते.

ही भीती निराधार नाही, फक्त ती चुकीच्या जागी बसली आहे. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात शंभरहून जास्त दवाखान्यांत भूल किंवा गुंगी दिलेल्या सुमारे ९८ हजार कुत्र्यांच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या. भुलीशी संबंध जोडता येईल असे मृत्यू ०.१७ टक्के, म्हणजे सहाशेत एक निघाले. पण ही सरासरी फसवी आहे. निरोगी किंवा किरकोळ दुखणं असलेल्या कुत्र्यांत हे प्रमाण अठराशेत एकाच्या आसपास होतं. खरोखर आजारी असलेल्यांत ते पंचाहत्तरात एक होतं. वयाचा हिशेब शून्य नाही. आजार वेगळा काढूनही बारा वर्षांपुढच्या कुत्र्यांना धोका जास्तच दिसला. पण जन्मतारीख कुणालाच बदलता येत नाही, आजार मात्र पुष्कळदा आटोक्यात आणता येतो.

भूल देण्याआधी डॉक्टर रुग्णाला एक ते पाच अशा श्रेणीत बसवतात; आकडा जितका मोठा, तितका धोका जास्त. पॉमेरेनियन, डॅशहुंड अशा लहान चणीच्या कुत्र्यांत उतारवयात हृदयाची झडप गळू लागते आणि स्टेथोस्कोपमधून मर्मर ऐकू येते. मर्मर आहे पण धाप नाही, खोकला नाही, हृदय मोठं झालेलं नाही, तर असा कुत्रा दुसऱ्या श्रेणीत बसतो आणि त्याला नीट भूल देता येते. त्याच कुत्र्याच्या फुफ्फुसांत पाणी साठलं की तो चौथ्या श्रेणीत जातो. औषधांनी पाणी ओसरलं आणि श्वास शांत झाला की पुन्हा कमी धोक्याच्या श्रेणीत येतो. म्हणून "मर्मर आहे, भूल विसरा" हे जितकं चूक, तितकंच "काही होत नाही, उद्याच घेऊन या" हेही चूक. आधी छातीचा एक्स-रे, जमल्यास हृदयाची सोनोग्राफी, मग तारीख.

थांबायला वेळच नसतो अशीही दुखणी असतात. नसबंदी न केलेल्या वयस्क कुत्रीच्या गर्भाशयात पू होतो, त्याला पायोमेट्रा म्हणतात. ती पाणी फार पिते, मरगळते, उलट्या करते. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर पू बाहेरही येत नाही, त्यामुळे घरच्यांना कळायला उशीर होतो. इथे "वय झालंय, औषधावर बघू" म्हणण्यात बहुधा जीवच जातो. सलाईन आणि अँटिबायोटिक देऊन तिला जमेल तितकी सावरायची आणि शस्त्रक्रिया करायची, हाच बहुतेक वेळा रस्ता असतो. याउलट तेरा वर्षांच्या, किडनीच्या आजारी कुत्र्याच्या कुशीवर एखादी मऊ चरबीची गाठ असेल, सुईने नमुना घेऊन ती निरुपद्रवी ठरली असेल आणि ती चालण्याच्या आड येत नसेल, तर तिला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

"पूर्ण भूल नको, नुसतं गुंगीचं इंजेक्शन द्या." सगळ्यात हट्टी गैरसमज हाच असेल. गुंगी म्हणजे थोडी भूल आणि थोडी भूल म्हणजे थोडा धोका, असा सरळ हिशेब लोक मांडतात. आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं झायलाझिन घ्या. ते नाडी मंदावतं आणि हृदयातून बाहेर पडणारं रक्त बरंच कमी करतं. तरण्या, धडधाकट कुत्र्याला ते निभतं, झडप गळणाऱ्याला निभेलच असं नाही. वर घशात नळी नाही, ऑक्सिजन नाही, आणि "फक्त गुंगी आहे" म्हणून शेजारी कुणी उभंही नाही. पूर्ण भुलीत श्वासनलिकेत नळी असते, तिच्या टोकाचा छोटा फुगा फुगवलेला असतो, त्यामुळे उलटी किंवा दातांवरून धुतलेलं पाणी फुफ्फुसात उतरत नाही. श्वास अडला तर डॉक्टर पिशवी दाबून श्वास देऊ शकतात. आजारी म्हाताऱ्या कुत्र्याला ही नळी म्हणजे मोठा आधार आहे.

सगळं काही एकाच गॅसवर भागवणं हेही सुरक्षित नसतं. आयसोफ्लुरेन जितका वाढवावा तितका रक्तदाब खाली येतो. म्हणून जाणता भूलतज्ज्ञ आधी वेदनाशामक आणि सौम्य शामक देतो, मग प्रोपोफॉलसारखं औषध शिरेतून हळूहळू, परिणाम बघत सोडतो, आणि दात काढायचा असेल तर जबड्याच्या त्या भागाची नसही बधिर करतो. बधिर केलेल्या जागेतून वेदना वर जातच नाही, त्यामुळे गॅस अगदी थोडा लागतो. "लोकल देऊन होत नाही का?" या प्रश्नाचं उत्तर असं आहे की लोकल द्यावंच, पण भुलीच्या जोडीला. म्हाताऱ्या कुत्र्याला मुळातच मात्रा कमी लागते आणि औषध अंगातून जायला वेळ जास्त लागतो.

जागेपणी दात खरवडून देणाऱ्यांबद्दल एवढंच सांगतो की दिसणारं किटण निघतं आणि दात पांढरे होतात, पण रोग हिरडीखाली असतो आणि तो तिथेच राहतो.

आता घरच्यांच्या हातात असलेल्या गोष्टी. "आदल्या रात्रीपासून पोटात अन्नाचा कण नको, पाणीही नको" हा जुना शिरस्ता अजून चालतो. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचना धडधाकट प्रौढ कुत्र्याला चार ते सहा तासांचा उपास पुरे मानतात आणि पाणी तोडायला सांगत नाहीत. किडनी कमजोर असलेल्या कुत्र्याचं पाणी रात्रभर उचलून ठेवलं तर तो टेबलावर येतो तोच सुकलेला, आणि रक्तदाब पडला की पहिला फटका त्या किडनीलाच बसतो. वारंवार अन्न वर येणाऱ्या कुत्र्याला जास्त वेळ उपाशी ठेवावं लागतं, मधुमेही कुत्र्याला कमी. मधुमेही कुत्र्याचा नंबर सकाळी पहिला लावून घ्यावा. त्या दिवशी इन्सुलिन किती टोचायचं हे डॉक्टरांनाच विचारावं, बरेचदा अर्धा डोस सांगतात. हृदयाच्या औषधांतही भेद आहे. पिमोबेंडन सहसा चालू ठेवतात, एनालाप्रिलसारखी रक्तदाब उतरवणारी गोळी त्या सकाळी बहुधा टाळतात. आपल्या मनाने काही देऊ नये आणि काही बंदही करू नये.

एक गोष्ट लोक संकोचाने लपवतात: घरात पडलेली माणसांची वेदनाशामक गोळी. सांधे दुखतात म्हणून कुत्र्याला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक दिलं असेल तर ते सांगायलाच हवं, कारण ही औषधं कुत्र्याचं पोट आणि किडनी बिघडवतात. म्हाताऱ्या लॅब्रेडॉरचं भुंकणं घोगरं झालं असेल, श्वासाला घरघर येत असेल, तर तेही सांगावं. त्याच्या कंठाचे पडदे नीट उघडत नसण्याची शक्यता असते. श्वासाची वाट मुळातच अरुंद असलेल्या पगच्या घशातली नळी तर तो चांगला शुद्धीवर येऊन तिला विरोध करेपर्यंत काढत नाहीत.

रक्ततपासणी ठीक आली म्हणजे किडनी ठणठणीत, असंही नाही. क्रिएटिनिन वाढतं तेव्हा किडनीची सुमारे तीन चतुर्थांश ताकद गेलेली असते, म्हणून लघवीची तपासणी जोडीला हवी. "भरपूर सलाईन चढवा, किडनी सुरक्षित राहील" हेही अर्धवट खरं आहे. हृदय कमजोर असेल तर तेच पाणी फुफ्फुसात साठतं. सलाईन थेंब मोजून जायला हवं आणि सरासरी रक्तदाब ६० च्या खाली जाऊ द्यायला नको.

म्हणून दवाखाना निवडताना औषधांच्या नावांपेक्षा एक प्रश्न आधी विचारावा: ऑपरेशन चालू असताना भुलीकडे कोण बघणार? टाके घालणारे डॉक्टरच मधूनमधून मॉनिटरकडे नजर टाकणार असतील, तर आजारी म्हाताऱ्या कुत्र्यासाठी दुसरी जागा शोधावी. बोटाला लावतात तसा ऑक्सिमीटर जिभेवर, पायाला रक्तदाबाचा पट्टा, नळीला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र, अंगाखाली ऊब, आणि हे सगळं दर पाच मिनिटांनी कागदावर उतरवणारं माणूस, एवढं तरी असावं.

आणि ते माणूस नंतरही हवं. त्याच ब्रिटिश अभ्यासात कुत्र्यांचे जवळपास निम्मे मृत्यू शस्त्रक्रिया संपल्यानंतरचे होते, त्यातलेही पुष्कळसे पहिल्या तीन तासांतले. नेमके तेव्हाच सगळे सुटकेचा श्वास टाकतात, यंत्रं काढली जातात, कुत्रा पिंजऱ्यात जातो. म्हातारं अंग ऊब लवकर गमावतं, गार पडलेल्या अंगातून औषध आणखी हळू उतरतं. "भूल उतरली, घेऊन जा" असा फोन अर्ध्या तासात आला तर आनंदून जाऊ नये. तो स्वतः मान धरतोय का, अंग कोमट आहे का, चालतोय का, हे विचारावं आणि हवं तर संध्याकाळपर्यंत तिथेच ठेवायला सांगावं.

घरी आल्यावर पहिली रात्र तो कुरकुरेल, भिंतीकडे बघत उभा राहील, नळीमुळे एक-दोन दिवस थोडा खोकेल. याला घाबरायचं कारण नाही. ओठ वर करून हिरड्या पाहाव्यात. त्या पांढऱ्याफटक किंवा निळसर दिसल्या, श्वासासाठी पोट ओढलं जात असेल, किंवा हाक मारून, हलवूनही तो जागा होत नसेल, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना उठवावं. रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा हे निघतानाच लिहून घ्यावं.