विक्रांतवरील सी हॉक : एक छोटी प्रतिकृति



घरांतील एखादा मुलगा विमानाच्या सुट्या भागांची पेटी उघडून बसला, कीं वडील माणसें त्यास खेळणें समजतात. परंतु खेळणें आणि प्रतिकृति यांत मोठा भेद आहे. खेळणें मोडेपर्यंत खेळावयाचें असतें. प्रतिकृति ही मूळ वस्तूची साक्ष असते, आणि साक्ष म्हटली कीं ती खरी असली पाहिजे. ती कशी तयार होते, हें आज आपल्या नौदलाच्या 'सी हॉक' विमानाच्या उदाहरणानें सांगणार आहें.

हें विमान मूळचें इंग्लंडांतील हॉकर कंपनीचें. त्याच्या पूर्वरूपाचें पहिलें उड्डाण २ सप्टेंबर १९४७ रोजीं झालें. १९६१ सालीं 'विक्रांत' ही विमानवाहू नौका आपल्या नौदलांत दाखल झाली, तेव्हां तिच्यावरील लढाऊ विमान हेंच होतें. १९७१ च्या डिसेंबरांत बंगालच्या उपसागरांतून उडून याच विमानांनीं कॉक्स बाजार व चितगांव येथें हल्ले चढविले. पुढें १९८३ पासून 'सी हॅरियर' विमानें आलीं.

आतां प्रमाणाचा विचार करूं. नेहमीचें प्रमाण एकास बहात्तर. म्हणजे सहा फुटांचा एक इंच. सी हॉकच्या पंखांचा विस्तार ३९ फूट, तो येथें साडेसहा इंच होतो, आणि वैमानिक सारा इंचभर! यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. आपण कागदाच्या जाडीएवढा रंग थापला, तर मूळ विमानावर पाव इंच जाडीचा लेप दिल्यासारखें होईल. म्हणून रंग पातळ करून दोनतीन हातांनीं द्यावा. घाई करूं नये.

प्रतिकृतीचे भाग पॉलिस्टायरीन नांवाच्या प्लॅस्टिकचे असतात. वितळलेलें प्लॅस्टिक पोलादी सांच्यांत दाबून ते काढतात, व सांच्यांतील नळ्यांचा सांगाडा त्यांना तसाच चिकटलेला राहतो. भाग पिळून तोडूं नयेत. बारीक पकडीनें किंचित् अंतर राखून कापावे आणि उरलेला कोंभ पॉलिशकागदानें घासावा. जोडण्यासाठीं वापरावयाचा द्रव हा डिंकासारखा मधें बसत नाहीं. तो दोन्ही कडा विरघळवितो आणि मग त्या एकजीव होतात. म्हणूनच तो थेंबभर जास्त झाला, तर पत्र्यांच्या सांध्यांच्या बारीक रेषाही विरघळून जातात. त्याची वाफ अपायकारक व ज्वालाग्राही असल्यामुळें खिडकी उघडी ठेवावी आणि जवळ दिवा किंवा शेगडी नसावी.

प्रथम वैमानिकाची बैठक रंगवून आंत बसवावी, आणि मगच धडाचे दोन अर्धे भाग मिटावे. येथेंच माझी एकदां फजिती झाली. सी हॉकला तीन चाकें. एक नाकाखालीं, दोन पंखांखालीं. मूळ विमानांत नाकाच्या बाजूला वैमानिक आणि २० मिलिमीटरच्या चार तोफा यांचें वजन असतें. आपलें प्लॅस्टिक मात्र पोकळ. मीं मोठ्या उत्साहानें धड मिटलें, सांधे घासले, रंगही दिला; आणि चाकांवर ठेवतांच विमान शेपटीवर बसून आकाशाकडे पाहूं लागलें! नाकाच्या पोकळींत शिशाच्या चार गोळ्या चिकटवावयाच्या राहिल्या होत्या. तें धड पुन्हां उकलावें लागलें. तेव्हांपासून जोडण्यापूर्वीं सर्व भाग चिकटपट्टीनें तात्पुरते बांधून तोल पाहण्याची संवय मीं लावून घेतली आहे.

हे भाग हातांत घेतले म्हणजे विमानाची रचनाही आपोआप कळूं लागते. याचें जेट एंजिन एकच; परंतु त्याचा झोत शेपटींतून बाहेर पडत नाहीं. तो दुभंगून दोन्ही पंखांच्या मुळांशीं बाहेर पडतो. त्यामुळें मागील धड इंधनासाठीं मोकळें राहिलें. शेपटीखालच्या आंकड्यानें नौकेवर आडवी बांधलेली तार धरून विमान थोडक्या जागेंत थांबतें. पंख मिटतात, कारण नौकेचा पाळणा व तळघर अरुंद. तेव्हां पंख मिटलेले दाखवावयाचे असतील, तर चाकें खालींच हवींत. उडत्या विमानाचे पंख मिटत नाहींत. साक्ष खरी असावी म्हणतात ती अशी.

शेवटीं पाण्यांत भिजवून चिकटवावयाचीं चिन्हें. त्यांपूर्वीं पृष्ठभागास तकाकी आणावी; खरखरीत रंगावर चिन्हाखालीं हवा अडकून त्याभोंवतीं पांढुरकी कड दिसते. आपल्या वर्तुळांत केशरी बाहेर, मग पांढरा व मध्यें हिरवा हा क्रम चुकूं देऊं नये.

एवढे परिश्रम कशासाठीं, असें कोणी विचारील. विक्रांत १९९७ सालीं सेवेंतून निवृत्त झाली. नंतर कांहीं वर्षें ती मुंबईंत संग्रहालय म्हणून उभी होती. अनेक कुटुंबांनीं मुलांना हाताशीं धरून ती दाखविली. २०१४ सालीं ती मोडींत निघाली. एवढी प्रचंड नौका गेली, तेथें आठवणीचा काय भरंवसा? सुदैवानें गोव्यांत बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाच्या विमानांचें संग्रहालय आहे. तेथें खरा सी हॉक पाहावयास मिळतो. जमल्यास तो पाहून यावा, आणि मग पेटी उघडावी. आपल्या टेबलावरील साडेसहा इंचांत त्यांतलें जेवढें खरें उतरेल, तेवढें आपल्या घरीं शिल्लक राहील.