ऱ्हाईनकाठी वाट, कृष्णेकाठी ऊस

मार्च १९४८ पूर्वी साताऱ्याहून सायकलवर मिरजेला निघालेला माणूस किती राज्यं ओलांडी, हा हिशेब गमतीचा आहे. कराडपर्यंत इंग्रजी मुलूख. पुढे कुंडलचा परिसर औंधच्या पंतप्रतिनिधींचा. तासगाव पुन्हा इंग्रजांचं. बुधगाव आलं की मिरज संस्थानाची धाकटी पाती, कारण तिची राजधानीच ती. मग अर्ध्या तासात सांगली संस्थान आणि आणखी दहाएक किलोमीटरवर मिरजेची थोरली पाती. शेवटची तिन्ही राज्यं पटवर्धनांचीच! पुढे संस्थानं विलीन झाली, १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं.

एका दुपारी दोन-तीन सीमा ओलांडण्याची ही मौज आज अनुभवायची तर सायकलस्वार युरोप गाठतात. वेदांगी कुलकर्णी ही पुण्याची मुलगी २०१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली, तेव्हा पोर्तुगालपासून रशियापर्यंतचे देश तिने ओळीने पार केले. स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने तिला लुटलं, डोक्याला मार लागून रुग्णालयात राहावं लागलं. तरी १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर पूर्ण झाले. हा अर्थात पराक्रमाचा प्रांत. पण युरोपात सीमा ओलांडणारे बहुतेक सायकलस्वार पराक्रमी नसतात. त्यांत निवृत्त जोडपी असतात, मागच्या गाडीत तान्हं मूल बसवलेले आईबाप असतात. त्यांना हे जमतं ते मांड्यांच्या बळावर नव्हे, व्यवस्थेच्या बळावर.

ऱ्हाईन नदीचंच पाहा. स्वित्झर्लंडच्या डोंगरातून निघणारा ‘युरोव्हेलो १५’ हा सायकलमार्ग जर्मनी आणि फ्रान्सच्या काठाने नेदरलँड्समधल्या समुद्रापर्यंत जातो. अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर. स्ट्रासबुर्ग आणि केल या गावांमध्ये २००४ पासून चालणारे आणि सायकलवाले यांच्यासाठी स्वतंत्र पूल आहे. सकाळचा पाव जर्मनीत, दुपारचं जेवण फ्रान्समध्ये. १९८५ साली पाच देशांनी शेंगेन करारावर सह्या केल्या, त्याचं हे फळ. भारतीय माणसालाही एका शेंगेन व्हिसावर हा सगळा मार्ग करता येतो. १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा तेवढी सांभाळायची. पाय बोलू लागले तर बऱ्याच रेल्वेगाड्यांत सायकलचं वेगळं तिकीट काढून पुढच्या गावी उतरता येतं.

या मार्गाचं मूळ मात्र सायकलीच्याही आधीचं. वाफेची जहाजं येण्यापूर्वी प्रवाहाच्या उलट दिशेला जाणाऱ्या नावा घोडे ओढत, आणि त्या घोड्यांसाठी काठाकाठाने सपाट वाट मोकळी ठेवलेली असे. घोडे गेले, पण युरोपातल्या अनेक नद्यांच्या काठी ती वाट राहिली, आणि सायकलींना आयती मिळाली.

कृष्णेला अशी वाट कधी लागलीच नाही. खडकाळ पात्र, पावसाळा सरला की उथळ पाणी. नाव लागते ती या तीरावरून त्या तीरावर जायला. म्हणून इथले रस्ते नदीला समांतर कमी, घाटापर्यंत येऊन थांबणारे जास्त. उरलेल्या मळीच्या जमिनीत पाण्याला टेकेपर्यंत ऊस.

या उसामागे, आडवळणाने का होईना, सायकलच आहे. मुंबईत शिकवताना लक्ष्मणराव किर्लोस्करांना सायकलची गोडी लागली आणि १८८८ साली बेळगावात ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ची सुरुवात सायकलच्या दुकानाने झाली. नांगराचा कारखाना नंतरचा. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी कुंडलजवळचं माळरान दिलं. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे याच कारखान्याचे पंप प्रसिद्ध झाले. पंपांनी नदीचं पाणी शिवारात चढवलं आणि काठ पिकाखाली गेला. त्यात शेतकऱ्याचं काही चुकलं नाही. नदीकाठची गुंठाभर मळी कुणी सायकलवाल्यांसाठी सोडून देईल, ही अपेक्षा शहरी आहे.

तरीही वाटेची सामग्री आहे. महाबळेश्वराहून पाचगणी, तिथून पसरणी घाट उतरून वाई; ऱ्हाईनप्रमाणेच इथेही चढउतार सुरुवातीलाच संपतो. माहुलीला वेण्णा मिळते, कराडला कोयना, सांगलीजवळ हरिपूरला वारणा. औदुंबरजवळ नदी नावेतून ओलांडता येते, आणि सायकल नावेत चढवणं फार अवघड नाही. पुणे-मिरज लोहमार्गही बराच काळ सोबत असतो. नाही ती गोष्ट म्हणजे जोडणी: कराडच्या पुढे कुठला रस्ता नदीजवळून जातो, हे सांगणारी एक पाटी. त्यामुळे लांब पल्ल्याचे सायकलस्वार महामार्ग धरतात. ‘बीआरएम’ या वेळेची मर्यादा असलेल्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या करणाऱ्यांचं ठीक, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायचे असतात, त्यांना नदी बघायला सवड कुठली?

पाट्या लावायला फार पैसा लागत नाही, पण त्या पुरात टिकायला हव्यात. २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. म्हणजे पावसाळा बाद. उन्हाळ्यात दुपारी डांबर तापतं. राहतो तो पावसाळ्यानंतरचा काळ, आणि तेव्हा साखर कारखान्यांचं गाळप सुरू होतं. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर त्याच अरुंद रस्त्यांवर येतात, बहुतेकांना मागे दिवा नसतो. म्हणून कृष्णेकाठाने सायकल काढायची तर पाऊस उघडल्यावर आणि कारखान्याचा भोंगा वाजण्यापूर्वी जे थोडे दिवस मिळतात, ते साधावे लागतात.