तीन नव्वद आणि हाती त्र्याहत्तर!

रे रोड स्थानकात हार्बर लोकलची परीक्षा घेऊन पाहा. गाडी आली का? वेगात धावली का? आत शिरता आले का? एक उत्तर 'नाही' आले, तरी प्रवास बिघडतो. कारखान्यातल्या यंत्रालाही असेच तीन प्रश्न विचारतात. जपानी तज्ज्ञ सेइची नाकाजिमा यांनी रूढ केलेल्या या मोजमापाला 'ओईई', म्हणजे यंत्राची एकूण परिणामकारकता म्हणतात.

अंधेरीच्या सीप्झसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या वसाहतीत सर्किट बोर्डावर चिमुकले सुटे भाग बसवणारे यंत्र असते. समजा, ते ठरलेल्या वेळेच्या ९० टक्के चालले, वेग ९० टक्के राहिला आणि ९० टक्के बोर्ड पहिल्याच खेपेस निर्दोष निघाले. तिन्ही आकडे झकास! पण गुणाकार येतो जेमतेम ७३ टक्के. शंभर चांगले बोर्ड निघायचे, तिथे ७३ निघाले.

बाकीचे गेले कुठे? भागांचे रीळ बदलण्यात आणि अडकलेला भाग काढण्यात गेलेली मिनिटे कुणी लिहीत नाही. दुरुस्त केलेला बोर्ड 'चांगला' धरला, की आकडा फुगतो.

मोजणी आधी सर्वांत संथ यंत्राची करावी. अख्ख्या लाइनचा वेग तेच ठरवते. आणि हा आकडा ऑपरेटरच्या पगाराला जोडू नये. जोडला, की थांबलेली मिनिटे लपवली जातात. ताप लपवून आजार बरा होत नाही, यंत्राचेही तसेच.