सुई-दोऱ्याची बरकत

रमजान सुरू झाला की घराघरातील दिनक्रम बदलतो. पहाटे सहेरी, दिवसभर रोजा, मगरिबच्या अजानला इफ्तार आणि रात्री तरावीहची नमाज. या धावपळीत जोहरच्या नमाजनंतर असरपर्यंतचे दोन-अडीच तास मात्र थोडे निवांत असतात. दुपारचा स्वयंपाक नसतो आणि इफ्तारची तयारी अजून सुरू व्हायची असते. शिरूर आणि दौंड परिसरातील जुन्या घरांत हा वेळ सुई-दोऱ्याचा असे. कुणी गोधडी घेऊन बसे, कुणी टोपी विणायला घेई, तर कुणी फाटलेल्या ओढणीतून कुरआन शरीफसाठी जुझदान शिवून ठेवी. आज ही जागा मोबाईलने घेतली आहे. तरीही या हातकामाची गरज संपलेली नाही, उलट वाढली आहे.

कारण सरळ आहे. रमजानमध्ये खजूर, फळे, दूध, सुकामेवा, कपडे, चपला असा खर्च एकदम अंगावर येतो. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत कंत्राटी काम करणारा, रिक्षा चालवणारा किंवा हातगाडी लावणारा माणूस या महिन्यात काही दुप्पट कमवत नाही. मग उधारी होते आणि ईदची उधारी पुढचे दोन-तीन महिने फेडावी लागते. ज्या वस्तू घरात बनू शकतात, त्या बाजारातून आणल्या नाहीत तर हा भार थोडा हलका होतो. म्हणूनच हातकाम हा केवळ विरंगुळा नसून संसाराचा हिशेब आहे.

सर्वांत आधी गोधडी. एका माणसाची चार पदरी गोधडी दोन सुती साड्यांत होते. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आत-बाहेर रुंद असते. तिचे २.२ मीटरचे दोन तुकडे केले की दोन पदर मिळतात आणि साधारण मीटरभर कापड उरते. दोन साड्यांचे चार पदर एकावर एक अंथरून, चारही कोपऱ्यांवर वजन ठेवून आधी मोठे कच्चे टाके घालावेत, म्हणजे पदर सरकत नाहीत. मग कडेपासून सुरुवात करून धावदोऱ्याने आत आत येत मध्यावर थांबायचे. थंडीसाठी हवी असेल तर आणखी एक साडी घालून सहा पदर करावेत. तान्ह्या बाळाचे दुपटे मात्र दोन-तीन पदरांचेच बरे. रोख खर्च म्हणाल तर दोरा आणि मोठी सुई एवढाच.

यात एक अडचण आहे. आता घरात सुती साड्या कमी आणि सिंथेटिक साड्या जास्त निघतात. सिंथेटिक कापड निसरडे असते, त्यामुळे टाके घालताना पदर सरकतात. ते घाम शोषत नाही आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटते. यावर उपाय म्हणजे आतल्या एखाद्या पदरासाठीच असे कापड वापरावे आणि अंगाला लागणारे दोन्ही बाहेरचे पदर सुती ठेवावेत. जुने लुंगीचे कापड, सुती चादर, मलमलची ओढणी यासाठी चालते. चुलीजवळ किंवा गॅसजवळ गरम भांडी धरायच्या फडक्यात मात्र सिंथेटिक कापड अजिबात वापरू नये. ते वितळते आणि कातडीला चिकटून खोल भाजते.

उरलेल्या मीटरभर तुकड्यांचाही उपयोग आहे. असे दोन तुकडे जोडले की चार-पाच जणांना पुरेल असा दस्तरखान तयार होतो. त्याला दुहेरी कड घातली तर तो वर्षानुवर्षे धुऊन वापरता येतो आणि इफ्तारला दरवेळी प्लास्टिक अंथरण्याची गरज राहत नाही. जुन्या जीन्सच्या पायाची एक बाजू शिवून टाकली आणि वरती पट्टा लावला की दहा किलो धान्य पेलणारी पिशवी होते. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. तरी भाजीबाजारात त्या दिसतातच, कारण गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाते. जुन्या टी-शर्टच्या पट्ट्या कापून त्यांची तीनपदरी वेणी घातली आणि ती गोल गुंडाळत टाचली, तर वजूच्या जागेजवळ ठेवायला उत्तम पायपुसणे तयार होते.

क्रोशाची टोपी हा आणखी एक सोपा प्रकार. तिचे गणित शाळेतल्या भूमितीचे आहे. डोक्याचा घेर मोजावा. तो ५६ सेंटीमीटर असेल तर ३.१४ ने भागल्यावर जवळजवळ १८ सेंटीमीटर येतात. टोपीचा वरचा गोल एवढा रुंद होईपर्यंत दर फेरीत टाके वाढवत जायचे. त्यानंतर टाके वाढवणे थांबवले की विण आपोआप खाली वळते आणि टोपीची भिंत तयार होते. गोल मोठा झाला तर टोपी कानावर येते, लहान राहिला तर डोक्यावर टिकत नाही. आठवी-नववीतील मुलीही चार दिवसांत हे शिकू शकतात. मुलांनी शिकू नये असेही काही नाही.

सुई-दोऱ्याबाहेरची, पण या भागाला अगदी योग्य अशी आणखी एक वस्तू आहे. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेत येतात. इथला उन्हाळा कोरडा असतो आणि कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते. पाणी उडताना उष्णता घेऊन जाते. याच तत्त्वावर माठातले पाणी गार होते आणि याच तत्त्वावर बिनविजेचे शीतपात्रही बनते. मातीचे एक मोठे मडके घ्यावे आणि त्यात बसेल असे लहान मडके ठेवावे. दोन्हींमध्ये दोन बोटांची फट असावी. रंग किंवा चकाकी दिलेली मडकी घेऊ नयेत, कारण त्यांतून पाणी पाझरत नाही. फटीत वाळू भरावी, ती सकाळ-संध्याकाळ पाणी घालून ओली ठेवावी आणि तोंडावर ओले गोणपाट टाकावे. सावलीत, वाऱ्याच्या जागी ठेवलेल्या या मडक्यात कोथिंबीर, टोमॅटो, वांगी बाहेरच्यापेक्षा काही दिवस जास्त टिकतात. दूध आणि मटणासाठी मात्र यावर विसंबू नये. नायजेरियातील मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने १९९०च्या दशकात हीच जुनी युक्ती गावोगाव पोहोचवली. भाजी लवकर सडत असल्यामुळे तेथील मुलींना ती रोज विकायला जावे लागे. भाजी टिकू लागल्यावर त्यातल्या काही मुलींना शाळेत जाता आले. दोन मडक्यांनी एवढे साधले.

हातकाम स्त्रीला कुठवर नेऊ शकते, हे दौंड तालुक्याने सव्वाशे वर्षांपूर्वीच पाहिले आहे. पंडिता रमाबाई यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढे ते पुण्यात आले. १८९६-९७च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुली आणि विधवांना त्यांनी आसरा दिला आणि त्यातून केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. तिथे केवळ जेवण मिळत नव्हते. विणकाम, शिवणकाम, छपाई अशी कामे स्त्रिया शिकत होत्या. आसऱ्याला आलेली स्त्री कायमची आश्रित राहू नये, तिच्या हातात हुनर असावा, हा त्यामागचा विचार होता.

इस्लामच्या इतिहासातही हाच विचार दिसतो. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) घरात स्वतःचे कपडे शिवत आणि पादत्राणे दुरुस्त करत, असे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे. उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्त जहश (रजि.) कातडी कमावत, ती शिवत आणि त्यातून जे मिळे ते गरिबांना देत. म्हणजे त्या घेणाऱ्या नव्हत्या, स्वतःच्या कष्टातून देणाऱ्या होत्या. ठिगळ लावलेल्या कपड्याची लाज वाटण्याचे कारण नाही, हे या उदाहरणांतून समजते.

मात्र हातकामाचे कौतुक करताना त्याची मजुरी विसरता कामा नये. वर सांगितलेल्या गोधडीत इंच-इंच अंतरावर दोरा घातला, तर एकूण शिलाई जवळजवळ शंभर मीटर होते. सेंटीमीटरला एक टाका धरला तरी दहा हजार टाके. तासाला पाचशे टाके घालणाऱ्या बाईला त्यासाठी वीस तास लागतात. आठ तासांचा दिवस धरला तर हे अडीच दिवसांचे काम झाले. घरच्यासाठी शिवताना हे कुणी मोजत नाही, आणि मोजूही नये. पण शेजारची विधवा किंवा एकटी राहणारी चाची पैशासाठी गोधडी शिवून देत असेल, तर दोऱ्याचे पैसे वेगळे आणि अडीच दिवसांची मजुरी वेगळी, असाच हिशेब व्हायला हवा. बाजारात कारखान्याचे ब्लँकेट यापेक्षा स्वस्त मिळते हे खरे. पण ते दाखवून तिचा भाव पाडणे म्हणजे तिच्या डोळ्यांची आणि बोटांची किंमत शून्य धरणे होय.

जकात देणाऱ्यांनीही या बाजूने विचार करावा. गरजू स्त्रीला दरवर्षी एक साडी आणि किराणा मिळतो, तो संपतो आणि पुढच्या रमजानला ती पुन्हा रांगेत उभी असते. चार-पाच कुटुंबांनी आपली जकात एकत्र करून तिला एक शिलाई मशीन तिच्या मालकीचे करून दिले आणि वर्षभर आपले शिवणकाम तिच्याकडेच दिले, तर रांगेतील एक नाव कमी होईल. दोन-तीन वर्षांनी तीच स्त्री आपल्या कमाईतून कुणाचा तरी फित्रा भरू शकेल.

यंदाच्या ईदला घरात किमान एक वस्तू हाताने केलेली असावी. दस्तरखान असो, टोपी असो की शेजारच्या बाळासाठी दुपटे. त्यासाठी कपाटातील जुनी सुती साडी आजच बाहेर काढायला हवी. दुपारच्या उजेडात दोन तास, असे दहा दिवस दिले की ईदपूर्वी एक गोधडी तयार होते.