शिशाची अक्षरं आणि एकुलती वही

नशिराबादचा टोल नाका ओलांडून भुसावळकडे निघालं की साकेगावपाशी वाघूर आडवी येते. हायवेवरचा ट्रकवाला तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, आणि उन्हाळ्यात पाहण्यासारखं तिच्यात फारसं काही नसतंही. पण हीच नदी वर डोंगरात अजिंठ्याच्या लेण्यांखाली नालाकृती वळण घेते. त्या वळणावर कॅनव्हास आणि रंग घेऊन वीसेक वर्षं बसलेला एक गोरा अधिकारी अखेर तिच्याच उताराला, भुसावळात, मातीआड झाला. मेजर रॉबर्ट गिल, मृत्यू १० एप्रिल १८७९.

संपादकांना हवा होता खानदेशातल्या जुन्या चर्चांवरचा लेख: इमारती, घंटा, रंगीत काचा आणि चार चांगले फोटो. शेवट गिलच्या थडग्यापाशी करायचा, असंही त्यांनी फोनवर ठरवून टाकलं होतं. मी निघालो तेव्हा माझाही बेत तोच होता.

अधिकृत इतिहास भराभर सांगतो. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. ठाण्याठाण्यावर गोरे अधिकारी आले, आणि त्यांच्या मागोमाग पाद्री आणि कबरस्तानं. मुंबईचा अँग्लिकन धर्मप्रांत १८३७ चा. १८६० नंतर जी.आय.पी. रेल्वे तापीच्या खोऱ्यात उतरली, नागपूर आणि जबलपूरचे मार्ग भुसावळात फुटले आणि गावात ड्रायव्हर, गार्ड, फिटर यांची वस्ती वाढली. त्यात अँग्लो-इंडियन होते, गोव्याकडचे कॅथलिक होते. शतक संपता संपता परदेशी मिशनं आली. जळगाव-भुसावळकडे अलायन्स मिशन आणि पश्चिमेला नंदुरबार-नवापूरकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन. १९२९ मध्ये नाशिकचा वेगळा अँग्लिकन धर्मप्रांत झाला, १९७० च्या नोव्हेंबरात नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, १९८७ मध्ये कॅथलिकांनी नाशिकला धर्मप्रांत केला. वर्धापनदिनाच्या स्मरणिकेचं पहिलं पान एवढ्यात भरतं.

गिलची गोष्ट मात्र स्मरणिकेत मावणारी नाही. मद्रास लष्करातल्या या माणसाला १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याचं काम मिळालं. तो अजिंठा गावात बारादरीत राहायचा. पारो नावाची तिथलीच बाई त्याच्या आयुष्यात आली आणि १८५६ च्या मे महिन्यात वारली. अजिंठ्यात तिच्या थडग्यावर त्याने दगड बसवला. (या दोघांवर कवी ना. धों. महानोरांनी दीर्घकविता लिहिली, नंतर सिनेमाही निघाला.) गिलने काढलेली मोठी तैलचित्रं लंडनला गेली, सिडनॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागली, आणि १८६६ च्या डिसेंबरात तिथे लागलेल्या आगीत जळाली. चार-पाच तेवढी वाचली. पुढे जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन त्याच भिंतींवरून पुन्हा नकला केल्या, १८७२ ते १८८५. त्यातल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. दोनदा नक्कल केली, दोनदा गेली. भिंती अजिंठ्यातच राहिल्या.

भुसावळात मला माणूस भेटला तो ना पाळक, ना कमिटीचा सेक्रेटरी. लोको शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ. चर्चच्या मंडळीत त्यांना सगळे आप्पा म्हणतात. नाव छापायचं नाही आणि चर्चचंही सांगायचं नाही, या अटीवर ते बोलायला तयार झाले. ‘नाव आलं की पहिले भंगारवाले येतात, मंग जागेवाले येतात,’ म्हणाले. त्यांच्या पिशवीत मऊ केसांचा ब्रश, पाण्याची बाटली, हातरुमाल आणि ड्रेसिंग टेबलाचा एक सुटा आरसा होता. आरसा कशाला, ते मी आधी विचारलं नाही.

जुन्या कबरस्तानांतल्या संगमरवरी पाट्यांवरची अक्षरं पुष्कळदा शिशाची असतात. ती नुसती चिकटवलेली नसतात. पाथरवट आधी अक्षर छिन्नीने खोल कोरतो, त्याच्या तळाला निरनिराळ्या बाजूंनी तिरपी भोकं पाडतो आणि मग शिसं ठोकून भरतो. भोकांत शिरलेलं शिसं खुंटीचं काम करतं. वरून घासलं की अक्षर दगडाच्या पातळीला येतं. थंड हवेच्या मुलखात ही युक्ती उत्तम टिकते. भुसावळच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या वर जातो. शिसं तापून संगमरवरापेक्षा कितीतरी जास्त फुगतं, आणि निवलं तरी पूर्वीच्या जागी नीट बसत नाही. अशी शंभर-सव्वाशे वर्षं गेली की अक्षराची कड उचलली जाते. मग चाकूचं टोक घालायला जागा होते, आणि शिशाला भंगारात भाव आहेच.

‘अक्षर गेलं तं गेलं,’ आप्पा म्हणाले, ‘भोकं कुठं जातात?’ आणि आरसा बाहेर आला. त्यांनी उन्हाकडे तोंड करून तो असा धरला की उजेडाची तिरीप दगडावर अगदी आडवी पडली. सपाट, कोरी दिसणारी पाटी क्षणात खड्ड्यांनी भरली. कुठे दोन भोकं वरखाली, कुठे तीन, कुठे कमानीत चार. आप्पा एकेका भोकावर बोट न टेकवता, हवेतच फिरवत, इंग्रजी अक्षरं लावत गेले. आडनावाची शेवटची तीन अक्षरं जुळली तेव्हा त्यांना झालेला आनंद इंजिनातला बिघाड सापडलेल्या फिटरचा होता. मी म्हटलं, खडू घासला तर लवकर वाचता येईल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वही मिटली. खडूची पूड बारीक छिद्रांत बसते, ती निघत नाही. ॲसिड तर दगडाचा वरचा थरच घेऊन जातं, आणि तारेच्या ब्रशचे चरे त्याहून वाईट. पाणी, मऊ ब्रश आणि वेळ, एवढंच चालतं.

दगड पडतात ते बहुतेक मातीमुळे. तापीकाठची काळी माती पावसात फुगते, मेमध्ये हातभर भेगाळते. तिच्यावर उभा केलेला क्रूस दर वर्षी केसभर हलतो. पाया खोल असेल तर ठीक, नाहीतर पन्नास वर्षांत तो शेजारच्या थडग्यावर रेलतो. आत लोखंडी सळी असेल तर ती गंजून फुगते आणि दगड आतून फोडते. वरून भाविकपणे केलेली सिमेंटची डागडुजी आणखी घात करते. चुन्याच्या भिंतीत शिरलेलं पाणी चुन्यातूनच बाहेर पडायला हवं. सिमेंट त्याची वाट अडवतं, मग पाणी विटेतून वाट काढतं आणि वीट झडू लागते. हे चर्चच्या भिंतींनाही तसंच लागू आहे. चुना भिजवून, मळून, हाताने गिलावा करणारा गवंडी आता मिळणं अवघड. मिळाला तरी कमिटी विचारते, सिमेंटने दोन दिवसांत होतं त्याला दोन महिने कशाला?

इथपर्यंत मी खूश होतो. लेख होत होता. मग आप्पांनी चर्चमधलं कपाट उघडलं.

आत वह्या होत्या. बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या, दफनाच्या. दफनाच्या वहीचे रकाने छापील: मृत्यूची तारीख, दफनाची तारीख, नाव, वय, धंदा, मृत्यूचं कारण, विधी करणाऱ्याची सही. जुन्या शाईत हिराकस असतं. त्या शाईने जिथे हात दाबून लिहिलंय तिथे कागद तपकिरी होऊन अक्षराच्या आकारातच तुटलाय. कुणीतरी प्रेमाने सेलोटेप लावलेली. टेप सुकून निघून गेली, तिचा पिवळा डाग मात्र कायमचा राहिला. वाळवीने एका वहीत कोपऱ्यातून शिरून तिरपा बोगदा काढलाय. त्यामुळे एका पानावर गेलेलं नाव पुढच्या पानावर वय खाऊन जातं.

या वह्यांमागे एक चिवट यंत्रणा होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि नंतर सरकारच्या पगारावरचा चॅप्लेन असेल तर मूळ वही चर्चमध्ये राही आणि नोंदींची नक्कल ठराविक मुदतीने मुंबईला जाई, तिथून लंडनला. मुंबई इलाख्याच्या या नकला १७०९ पासून १९४८ पर्यंतच्या आहेत आणि आज ब्रिटिश लायब्ररीत बसल्या आहेत. त्यांची सूची झालेली आहे, आणि इंग्लंडातला नातू पणजोबांचा दफनदिवस शोधू शकतो. भुसावळात वही उद्या पाण्यात गेली तरी गोऱ्या गार्डाचं काही जात नाही.

जाईल ते दुसऱ्याचं. मराठी ख्रिस्ती माणसाच्या बाप्तिस्म्याची, दफनाची नोंद बहुतेक ठिकाणी मिशनच्या किंवा मंडळीच्या साध्या वहीत झाली. सरकारी नकलांची साखळी मुख्यतः युरोपीय आणि अँग्लो-इंडियन लोकांसाठी चालली होती. १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमांत आलेली पोरं, रेल्वेच्या गँगमध्ये लागलेले बाप्ये, दायांचं काम शिकलेल्या बायका यांचं नाव आयुष्यात पहिल्यांदा कागदावर आलं ते बहुधा अशाच वहीत. त्या वहीची दुसरी प्रत बहुधा कुठेच नाही. त्या माणसांना थडगंही नाही. मातीचा उंचवटा, वर लाकडी क्रूस, तोही दोन पावसाळ्यांचा.

मला वाटतं, आपण जतनाचा क्रमच उलटा लावलाय. गिलचं थडगं नीट राहावं, राहिलंच पाहिजे. पण तो पुस्तकांत आहे, संग्रहालयात त्याची चित्रं आहेत, त्याने काढलेले फोटो १८६४ मध्ये लंडनला छापून झाले. त्याचा दगड उद्या नाहीसा झाला तरी तो पुसला जाणार नाही. परदेशातून मदत येते तीही साहजिकच दगडांकडे. १९७० च्या दशकात इंग्लंडात दक्षिण आशियातल्या युरोपीय कबरस्तानांसाठी संस्था निघाली, ती आजही डागडुजीला थोडे पैसे देते. वह्यांसाठी कोणी येत नाही. खानदेशाला तर कागद जपण्याचं वळण लावणारा माणूस लाभला होता. इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यातच वारले, १९२६ च्या शेवटच्या दिवशी, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने मंडळ उभं राहिलं. वाड्यांच्या माळ्यांवरून मोडी रुमाल उतरवणारी ती परंपरा चर्चच्या कपाटापर्यंत का पोचली नाही, याचं उत्तर चर्चच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे शोधावं लागेल. बाहेरच्यांना त्या ‘साहेबांच्या वह्या’ वाटल्या. आतल्यांना बाहेरच्यांच्या हाती वह्या देण्याची भीती वाटली, आणि ती पूर्णपणे खोटी नाही. कोणी कधी बाप्तिस्मा घेतला, त्याची आधीची जात काय लिहिली आहे, हे आज कोणाच्या हाती पडेल आणि कशाला वापरलं जाईल, सांगता येत नाही. शाळेतला दाखला, आरक्षण, जमिनीचा वारसा, सगळ्यांना त्या एका ओळीचा धक्का लागू शकतो.

मालकीचाही गुंता आहे. इमारत एका ट्रस्टची, कबरस्तान दुसऱ्याच्या नावावर, काही ठिकाणी सातबाऱ्यावर अजून मिशनचं नाव. विश्वस्तांना जागा विकायची तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. जतन करायला मात्र कोणाची परवानगी लागते हे कोणालाच नक्की सांगता येत नाही, त्यामुळे ते कोणीच करत नाही. कबरस्तानाची भिंत दर वर्षी थोडी आत सरकते. रंग काढून विटा मोकळ्या करायच्या तर सणाला चुना फासायला जमलेली पोरं नाराज होतात. लग्नाच्या वहीतला उतारा पासपोर्टसाठी हवा म्हणून लोक येतात, वही उलगडून झेरॉक्सच्या काचेवर दाबतात, आणि पाठीचा शिवणदोरा आणखी एक टाका सोडतो.

आप्पांनी आणि मंडळीतल्या दोन कॉलेजकुमारींनी पानांचे मोबाईलवर फोटो काढायला सुरुवात केली आहे. वही उघडायची ती पूर्ण नाही, अर्धीच, खाली उशी ठेवून. फोटो कुठे ठेवायचे यावर कमिटीचं एकमत नाही. एक गट म्हणतो नाशिकला धर्मप्रांताच्या ऑफिसात, दुसरा म्हणतो नाशिकला गेलेला कागद परत येत नाही. जळगावच्या विद्यापीठाचं नाव निघालं तेव्हा दोन्ही गट एकदम नाही म्हणाले. तोवर सगळं एका पेन ड्राइव्हवर आहे, आणि तो आप्पांच्या घरी, डाळीच्या डब्यात.

मागची पानं, म्हणजे बॉलपेनच्या काळातली, भराभर झाली. अडचण जुन्या वह्यांची आहे. फिकट शाई मोबाईलच्या कॅमेऱ्यात उठत नाही, तिथे नोंद वाचून हाताने उतरवून घ्यावी लागते. काही पाळकांनी मराठी नोंदी जोडाक्षरं मोडून, रेघ न सोडता, मोडीच्या वळणाने लिहिल्या आहेत. ते वाचणारी मंडळीत दोनच माणसं उरली आहेत. आप्पांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, आणि ऑपरेशनची तारीख ते वही पुरी होईपर्यंत पुढे ढकलत आहेत.